गेटच्या खांबाला कोणता पाइप? ५० पासून १०० पर्यंतच्या बॉक्सची परख

बेळगावात उद्यमबागेतल्या फॅब्रिकेटरकडे जा, नाहीतर निपाणी-चिकोडीच्या स्टील दुकानात जा. गेटच्या खांबाचा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “गेट किती फुटी?” बारा फुटी म्हटलं की ६० × ६० मिमीच्या बॉक्स, म्हणजे चौकोनी पाइपाकडे बोट जातं. पल्ल्याचं वजन कुणी विचारत नाही. खांबाला मात्र फुटाशी एकट्याने काही देणंघेणं नाही. त्याला ओढतं ते पल्ल्याचं वजन, आणि ते वजन बिजागरीपासून किती लांब आहे हे अंतर.

हिशोब शाळकरी आहे. पल्ल्याचं वजन किलोत घ्या आणि त्याला रुंदीच्या निम्म्याने, फुटांत, गुणा; येईल ती खांबावरची ओढ, किलो-फुटांत. बारा फुटी गेटचे सहा-सहा फुटांचे दोन पल्ले, उंची पाच फूट, असं धरू. ४० × ४० × २ च्या (शेवटचा आकडा भिंतीची जाडी, सगळं मिमीत) बॉक्सची चौकट, मधले आडवे आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरपी मिळून १३ मीटर, म्हणजे ३० किलो. १६ गेजचा पत्रा ३५ किलो. वर शोभेला १६ मिमी चौरस सळीच्या १८ दांड्या, त्या ५४ किलो. एक पल्ला झाला १२० किलोचा. १२० गुणिले ३, म्हणजे ३६० किलो-फूट. तेच गेट एकाच बारा फुटी पल्ल्यात, १८० किलोत बसवलं तर १८० गुणिले ६, म्हणजे १०८० किलो-फूट. रस्त्यावरून दोन्ही गेटं सारखीच बारा फुटी दिसतात, पण दुसऱ्याच्या खांबावर तिप्पट ओढ आहे.

सध्या सीएनसी कटिंगच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राने पत्र्यात कापलेल्या नक्षीची हौस वाढली आहे, तिचंही वजन आधी काढा. पोलादी पत्रा दर मिलिमीटर जाडीला, दर चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो. सहा बाय पाच फुटांचा ४ मिमी पत्रा ८७ किलो होतो. नक्षीत तीस टक्के कापून गेला तरी साठ किलो उरतातच.

आता पाइपाकडे. खांब सहसा मोडत नाही, झुकतो. तो किती झुकणार हे ठरवताना बाहेरचं माप जाडीपेक्षा कितीतरी जास्त कामाला येतं, कारण जाडी दुप्पट केली तर ताठपणा जेमतेम दुप्पट होतो, आणि तीच जाडी ठेवून बाहेरचं माप दुप्पट केलं तर तो आठपटीच्या आसपास जातो. वरचाच १२० किलोचा सहा फुटी पल्ला, दोन बिजागऱ्यांमध्ये १.१ मीटर अंतर आणि पाया अजिबात न हलणारा, असं धरून प्रत्येक मापाला पल्ल्याचं टोक किती खाली येईल ते पुढे दिलं आहे.

५० × ५० × २.९: सुमारे २८ मिमी. म्हणजे इंचाहून जास्त, कडी कोयंड्यात जाणारच नाही. हा पाइप वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. तीन फुटी दिंडी दार, ३५ किलोचं, म्हणजे पन्नासेक किलो-फूट, तिथे टोक जेमतेम २ मिमी उतरतं. शंभर किलो-फुटांच्या पुढे मात्र याला नेऊ नका.

६० × ६०, २ मिमी जाडीचा, म्हणजे बाजारातला ‘१४ गेज’: साडेएकवीस मिमी. आपल्याकडे गेटला सर्वांत जास्त खपणारा हाच, आणि आमच्या मते सर्वांत चुकीची खरेदीही हीच. नुसतं वजन तो पेलतो. पण ६० किलोचा पोरगा पल्ल्याच्या टोकाला लोंबकळला की ओढ बरोबर दुप्पट होते, कारण त्याचं वजन पूर्ण सहा फुटांवर येतं. तेवढ्याने २ मिमीचा हा पाइप वाकून तसाच राहण्याच्या हद्दीवर जातो. ज्या घरात शाळकरी मुलं आहेत तिथे गेटला लोंबकळणं हा अपघात नसतो, तो नित्यक्रम असतो.

६० × ६० × ३.२: सुमारे १४ मिमी. चार-पाच फुटी पल्ला ७५ किलोपर्यंत असेल तर ठीक. अडीचशे किलो-फुटांपर्यंत याच्यावर भरवसा ठेवता येतो.

७२ × ७२ × ३.२: ८ मिमी. इथे थोडं थांबावं. ६० च्या ३.२ मिमी पाइपाचं वजन मीटरला साडेपाच किलो, याचं पावणेसात. लोखंड वाढलं बावीस-तेवीस टक्के, आणि झुकणं जवळजवळ निम्म्यावर आलं. गेटच्या सगळ्या कामात एवढ्या कमी पैशात एवढा फायदा दुसरीकडे मिळत नाही. ७२ × ७२ × ४ घेतला तर ७ मिमीच्या आत. त्या पाव इंचात कडी आपोआप बसते. दोन पल्ल्यांच्या दहा-बारा फुटी घरगुती गेटला, म्हणजे साडेचारशे किलो-फुटांपर्यंत, डोळे मिटून घ्यावा असा हा पाइप. ८० × ८० × ३.२ मिळाला तर तो वजनाला याहून हलका आणि ताठपणाला थोडा सरसच. पण त्याची भिंत पातळ, म्हणून बिजागरीखाली पट्टी लावणं भाग आहे. त्याबद्दल पुढे येतंच.

१०० × १०० × ४: अडीच मिमी. दोन पल्ल्यांच्या घरगुती गेटला ही चैन झाली. पण एकपल्ली बारा फुटी गेटला, १८० किलोला, हाच किमान. तिथे टोक १४ मिमी उतरतं, ५ मिमी जाडीत १२. त्याच गेटला ७२ चा खांब लावला तर टोक ४० मिमी खाली येतं आणि जमीन खरवडत जातं. चिकोडी, रायबाग, अथणीकडे उसाच्या ट्रॉल्यांसाठी शेताला चौदा-सोळा फुटांची गेटं लागतात. तिथे १०० × १०० × ५ घ्या, आणि शक्य असेल तर पल्ले दोन करा. एकच पल्ला हवाच असेल तर टोकाला चाक लावून जमिनीवर कमानीत पट्टी बसवणं हा स्वस्त मार्ग आहे. चाक वजन घेतं आणि खांब सुटतो.

गोल पाइपाचं गणित वेगळं नाही, त्याच्या नावात गोंधळ आहे. पाण्याच्या पाइपातला ‘तीन इंची’ बाहेरून ८८.९ मिमी असतो आणि ‘चार इंची’ ११४.३ मिमी. फॅब्रिकेशनच्या पाइपातला तीन इंची मात्र ७६ मिमीच्या आसपास निघू शकतो. म्हणून इंचात बोलू नका, टेप लावून बाहेरचं माप मोजा. पाण्याच्या पाइपाला रंगाचा पट्टा असतो. पिवळा ए क्लास, निळा बी, लाल सी. तीन इंचीत ही जाडी अनुक्रमे ३.२, ४ आणि ४.८ मिमी. बी क्लासचा तीन इंची पाइप ७२ × ७२ × ४ च्या तोडीचा, किंबहुना पाऊल पुढेच. चार इंची बी क्लास १०० × १०० × ४ च्या बरोबरीचा. गोल पाइपाची अडचण वेल्डरची आहे. बिजागरीची पट्टी सपाट बसत नाही, तिला गोलाई द्यावी लागते, आणि घाईत ती दोन टोकांवर टाचून दिली जाते. गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डिंगच्या जागेवरचा जस्ताचा थर आधी ग्राइंडरने काढायला सांगा. जस्ताचा धूर छातीत जातो, आणि जस्तावर मारलेलं वेल्डिंग भोकाभोकाचं होतं.

भंगारातून आणलेला आय बीम, म्हणजे इंग्रजी I च्या आकाराचा गर्डर, काही जण कौतुकाने लावतात. तो एका दिशेने दणकट असतो, पण ९० अंशांत वळवला की सहा पटींहून जास्त लवचिक. गेट बंद असताना खांबाला एका दिशेने ओढतं आणि उघडं असताना बरोबर काटकोनात. दुकानाचं, गोठ्याचं गेट दिवसभर उघडंच असतं. त्यामुळे १०० चा आय बीम त्या दिशेने फार तर ६० च्या बॉक्सएवढं काम करतो. गेटच्या खांबाला चारी बाजूंनी सारखा असलेला चौकोनी किंवा गोल पाइपच बरा. बोअरचा जुना केसिंग पाइप बाहेरून भारदस्त दिसतो, पण जाडी कॅलिपर लावूनच ठरवा, आणि आतून किती खाल्ला गेलाय ते टॉर्च मारून बघा.

जाडीची फसवणूक सगळीकडे सारखीच होते. पाइपावर आयएस ४९२३ हा अशा पाइपांच्या भारतीय मानकाचा क्रमांक आणि माप छापलेलं असतं. टाटा स्ट्रक्चुरा, अपोलो यांसारख्या ब्रँडच्या पाइपांवर ते लांबीभर दिसतं. काहीच छापलेलं नसेल तर वजनकाटा हाच साक्षीदार. चौकोनी पाइपाचं मीटरला वजन काढायचं सूत्र असं: बाहेरच्या मापातून जाडी वजा करा, उत्तराला जाडीने गुणा, मग ४ ने आणि ०.००७८५ ने. कोपरे गोल असल्यामुळे खरं वजन याच्या तीन-चार टक्के कमी भरतं. ७२ × ७२ × ४ ची सहा मीटरची लांबी ४९ किलोच्या आसपास, ३.२ मिमीची ४० आणि १०० × १०० × ४ ची ७० किलो भरली पाहिजे. ४ मिमी म्हणून दिलेली लांबी ४२ किलो भरली तर जाडी कुठे गेली हे विचारायला कन्नड येवो न येवो, काटा दाखवला की पुरतं. भाव किलोवर असतो, म्हणून पातळ पाइप विकून तोटा दुकानदाराचा नाही, तुमच्या गेटचा.

सहा मीटर म्हणजे १९ फूट ८ इंच. बरोबर मधोमध कापली की नऊ फूट दहा इंचांचे दोन खांब निघतात. पाच फुटी गेटला जमिनीवर साडेपाच फूट ठेवले तर जमिनीत चार फूट चार इंच जातात. पाइप वाचवायला सात फुटांचा खांब कापून उरलेले पाच-सहा फूट दुकानाच्या कोपऱ्यात ठेवणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्या तुकड्याचं पुढे काहीच होत नाही.

बिजागरीजवळ काय घडतं ते समजून घ्या, कारण तक्रार तिथूनच सुरू होते. वरची बिजागरी खांबाला पल्ल्याकडे खेचते, खालची ढकलते. आपल्या १२० किलोच्या पल्ल्यात ही ओढ प्रत्येक बिजागरीवर सुमारे १०० किलोची. बिजागऱ्यांमधलं अंतर १.१ मीटरवरून ५५ सेंटिमीटर केलं तर ती २०० होते. म्हणून वरची बिजागरी जमेल तेवढी वर आणि खालची जमेल तेवढी खाली. बॉक्सच्या सपाट भिंतीच्या मध्यावर बिजागरी वेल्ड केली की ती भिंत प्रत्येक उघडझापीला आत-बाहेर होते, आणि वर्षा-दोन वर्षांत वेल्डच्या कडेने केसासारखी चीर पडते. उपाय असा: खांबाच्या पूर्ण रुंदीची ६ मिमी जाड, पाचसहा इंच लांब पट्टी घ्या, तिच्या उभ्या कडा पाइपाच्या दोन्ही कोपऱ्यांवर वेल्ड करा, आणि बिजागरी त्या पट्टीवर लावा. ओढ मधल्या भिंतीवर न येता कोपऱ्यांवर जाते. वरची बिजागरी आट्यांच्या बोल्टची, नट फिरवून पुढे-मागे करता येणारी घेतली तर पुढच्या दहा वर्षांत गेट उचलायला वेल्डर बोलवावा लागत नाही.

पत्रा पूर्ण भरलेला असेल तर वाऱ्याची भीती घातली जाते. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात सहा बाय पाच फुटांच्या पल्ल्यावर सत्तर किलोंच्या आसपास रेटा येतो. गेट बंद असेल तर तो बिजागरी आणि कडी यांत वाटला जातो, खांबाला जड नाही. खांब हलतो तो उघडा पल्ला वाऱ्याने आपटतो तेव्हा. मागे अडकवायचा आकडा शे-दीडशे रुपयांची गोष्ट असते, आणि कोटेशनमध्ये नेमका तोच नसतो.

इथपर्यंतचे सगळे आकडे पाया हलत नाही असं धरून आहेत. पाया मात्र जमिनीप्रमाणे बदलतो, आणि आपल्या जिल्ह्यात जमीन तालुक्यागणिक बदलते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जांभा आणि तांबडी माती. इथे दीड बाय दीड फुटांचा तीन फूट खोल खड्डा पुरतो. १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट, खड्ड्यामागे सव्वा पोतं सिमेंट. पाइप एखादा फूट वर उरतो तो कापू नका, दिव्याला होतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं. ते उपसून, तळाचा चिखल खरवडून मगच काँक्रीट घाला, नाहीतर खांब चिखलावर उभा राहतो.

येळ्ळूर, वडगाव, शहापूरची भाताची काळी रानं आणि पुढे बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीची काळी जमीन हे वेगळंच प्रकरण. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. तीन फुटांचा पाया या हालचालीच्या पट्ट्यातच राहतो, आणि दोन पावसाळ्यांत खांब वर उचललेला किंवा कललेला दिसतो. खड्डा दोन बाय दोन फूट, साडेचार फूट खोल घ्या. तळाशी तीन-चार इंच खडी, वर काँक्रीट, खड्ड्याला तीन पोती. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता खणला जातो, कारण खणणाऱ्याला तेच सोपं. काळ्या मातीत हे उलटं हवं: तळ रुंद, वरचा भाग सरळ आणि गुळगुळीत. वर रुंद असलेल्या काँक्रीटला फुगणारी माती खालून पकडून उचलते. वरच्या दीड-दोन फुटांत काँक्रीट आणि माती यांच्यात चार इंचांचा मुरमाचा थर दाबून भरला तर पकड आणखी सुटते. खांबाच्या तळाशी १२ मिमी सळीचे दोन तुकडे आडवे वेल्ड करा, म्हणजे तो काँक्रीटमध्ये फिरणार नाही, उपसणार नाही.

काळ्या जमिनीत दोन पल्ल्यांच्या गेटला सर्वांत चांगला खर्च कुठला विचाराल, तर जमिनीखालून दोन्ही पायांना जोडणारा ९ × ९ इंचांचा बीम. १० मिमीच्या चार सळ्या, सहा इंचांवर रिंगा. गेट बंद असताना दोन्ही खांब वरून एकमेकांकडे झुकू पाहतात. पाय जोडलेले असले की एकाची ओढ दुसऱ्याच्या ओढीला तोलते. उघड्या गेटला याचा उपयोग कमी, म्हणून खड्ड्याचं माप कमी करायचं नाही.

जांभ्याच्या कातळावर किंवा आधीच्या स्लॅबवर खड्डा शक्य नसेल तर बेस प्लेट: ७२ च्या खांबाला दहा इंच चौरस, १२ मिमी जाड, १६ मिमीचे चार बोल्ट आणि चारी बाजूंना त्रिकोणी पट्ट्या. ६ मिमीची प्लेट लावली तर खांब ताठ राहतो आणि प्लेटच वाकते.

गेट कधी टांगायचं? काँक्रीट घालून सात दिवस तरी पाणी मारल्यावर, दहा झाले तर उत्तम. सकाळी खांब रोवून संध्याकाळी पल्ला वेल्ड करणारे कारागीर जिल्ह्यात मुबलक आहेत. ओल्या काँक्रीटमध्ये पडलेली फट नंतर भरत नाही.

पाइपात काँक्रीट भरलं की खांब दुप्पट मजबूत होतो ही समजूत फार पक्की आहे. ७२ च्या पाइपात गच्च भरलं तरी ताठपणा दहा-वीस टक्केच वाढतो. भिंत चेपण्यापासून वाचते, एवढाच खरा फायदा. तेच पैसे एक माप मोठा पाइप घ्यायला घाला.

गंज जमिनीच्या रेषेवर धरतो. काँक्रीट जमिनीपेक्षा दोन-तीन इंच वर आणून चारी बाजूंना उतार द्या, म्हणजे पाणी खांबाला चिकटून उभं राहणार नाही. वरच्या तोंडाला टोपी पूर्ण शिवण मारून बसवा, नुसते टाके नकोत. रेडऑक्साइडचे दोन हात रोवायच्या आधी, जमिनीलगतच्या फूटभर भागाला तिसरा.

आणि गेट आधीच घासत असेल तर खांबाला दोष देण्यापूर्वी ओळंबा धरा. खांब ओळंब्यात असेल तर दोष पल्ल्याचा. त्याचे दोन कर्ण मोजा. फरक असेल तर चौकट तिरकी झाली आहे, आणि बहुधा तिरपी पट्टी उलटी लावलेली सापडेल. खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून वरच्या मोकळ्या टोकाकडे जाणारी तिरपी दाब घेते, म्हणून ती बॉक्सची हवी. वरच्या बिजागरीपासून खालच्या टोकाकडे जाणारी ताण घेते, तिथे १२ मिमी सळीही चालते. सळी पहिल्या जागी लावली की ती वाकते आणि पल्ला बसतो. खांब कललेला असेल तर पल्ला काढून ठेवा आणि पुन्हा ओळंबा धरा. खांब सरळ झाला तर पाइप कमी पडतोय. तसाच कललेला राहिला तर पाया हलला आहे किंवा पाइप कायमचा वाकला आहे. पट्टी खांबाला समांतर धरली की पाइपाचा वाक लगेच दिसतो. पाइप सरळ आणि पाया हललेला असेल तर नवा पाइप आणू नका, खड्डा उकरा.